‘म्हणून’ आणि ‘च’ : उतारवयातलं नैराश्य आणि मनातल्या मजकुराचं मुद्रितशोधन

जुनी_गॅली (धागाकर्ता)

वय ७१. आयुष्यभर मुद्रितशोधन केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचे पैसे घेतले. दोन वर्षांपूर्वी मला नैराश्य आलं. कधी आलं ते नेमकं सांगता येणार नाही. निदान झालं तेव्हा ते सात-आठ महिने घरात मुक्कामाला होतं आणि आम्ही सगळे त्याला ‘वय’ म्हणत होतो. आता बरा आहे. गोळी चालू आहे, समुपदेशनाची १६ सत्रं झाली. उपचारांबद्दल जाणकार लिहितीलच. मला त्या काळात डोक्यात येणाऱ्या वाक्यांबद्दल लिहायचंय, कारण धंद्याच्या सवयीने मी ती एका वहीत उतरवून ठेवली होती.

समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “विचार आला की जसाच्या तसा लिहा. सुधारू नका.” सुधारू नका, हे मला सांगणं म्हणजे शिक्षाच. पण लिहिलं. दोन आठवड्यांनी वही उघडली तर जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या मधोमध एकच शब्द बसलेला.

गुडघे गेले *म्हणून* मी आता ओझं आहे.
मुलाचा फोन आला नाही *म्हणून* त्याला माझी गरज उरलेली नाही.
शेजाऱ्यांचं नाव आठवलं नाही *म्हणून* डोकं संपत आलं.

‘म्हणून’च्या अलीकडचं सगळं खरं. गुडघे गेलेतच, एक्स-रे आहे. फोन आला नव्हता. नाव आठवलं नव्हतं. अलीकडचा मजकूर इतका बिनचूक की पलीकडचा तपासावा असं मनातही येत नाही. मुद्रितशोधनात हे नेहमी होतं: पहिल्या आठ ओळी स्वच्छ गेल्या की डोळा सैलावतो आणि नवव्या ओळीतली चूक छापून येते. आमच्या वयाच्या विचारांची हीच गोम आहे. ते अर्धे खरे असतात, म्हणून (हा बरोबर जागी आहे) ते शहाणपणासारखे दिसतात. स्वतःलाही आणि घरच्यांनाही. “आता काय राहिलंय” म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला कुणी आजारी समजत नाही, प्रगल्भ समजतात.

दुसरी खूण ‘च’ची. मीच. कायमच. सगळंच. एका पानावर मी २३ मोजले. पुढे वाचनात आलं की १९७८ मध्ये लिन अब्रामसन, मार्टिन सेलिगमन आणि जॉन टीझडेल या तिघा मानसशास्त्रज्ञांनी असंच काहीसं मांडलं होतं. वाईट घडल्यावर त्याचं कारण माझ्यातच आहे, ते कायमचंच आहे आणि आयुष्यात सगळीकडेच लागू आहे, असं स्वतःला समजावण्याची ज्याला सवय असते तो नैराश्याकडे लवकर झुकतो. तिघांनी मिळून जे सांगितलं ते मराठीत एका अक्षरात बसतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत टोचली. बाई म्हणाल्या, “गेल्या महिन्यातला एखादा बरा क्षण सांगा.” मी म्हटलं, “पूर्वी आम्ही दोघं फिरायला जायचो.” “पूर्वी नको. एक दिवस सांगा. कुठला वार, कोण काय बोललं.” सांगता येईना. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली चूक डाव्या पानावर होती की उजव्या हे मला आठवतं, आणि एक साधा मंगळवार सांगता येईना. नैराश्यात असं होतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी सहकाऱ्यासोबत १९८६ मध्ये हे आधी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या लोकांमध्ये नोंदवलं आणि तेव्हापासून नैराश्यातही त्याचा बराच अभ्यास झालाय. प्रसंग विचारला की मन गोषवारा देतं. आठवण पुसलेली नसते, मन तिथपर्यंत उतरत नाही, वरच्या ढोबळ मथळ्यापाशीच थांबतं. आणि ढोबळ मथळे कसले असतात ते तुम्हाला माहीत आहे.

त्यावर मला दिलेला गृहपाठ अजून चालू आहे: रोज रात्री एक प्रसंग, वार आणि वेळेसकट, तीन ओळींत. आनंदाचाच हवा अशी अट नाही.

तुमच्या किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात असे शब्द दिसतात का? धागा त्यासाठी काढलाय. (मी डॉक्टर नाही, हे ठळक अक्षरांत वाचावे.)

पाणवठा

वाखु (वाचनखूण) साठवली. ‘च’चं वाचून आधी हसू आलं, मग कालचं स्वतःचं बोलणं आठवलं. आणि मी तर ५२चा आहे.

रोखठोक

काका, राग मानू नका, पण हे मोकळ्या वेळाचे चोचले वाटतात. वय झालं की शरीर थकतं, बरोबरीचे एकेक करून जातात, मन खचणारच. त्यात आजार कुठला? छंद लावून घ्या, माणसांत मिसळा, आपोआप बरं वाटेल. आमच्या आजोबांना नव्हतं असलं काही.

खिडकीपाशी

रोखठोक, तुमच्या आजोबांना कुणी विचारलं होतं का?

माझं वय ७९. छंदाचं सांगते. मला विणकाम येतं, चांगलं येतं. लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन मी दोन-दोन तास बसायची आणि सुई उचलली जायची नाही. याला आळस म्हणू नका, आळसात मजा असते. मला कुणी हजार रुपये दिले असते तरी तो पहिला टाका पडला नसता. आणि समोर पडलेली लोकर बघून आणखी एक वाक्य तयार व्हायचं, “एवढंही जमत नाही.” काकांच्या वहीत शोभलं असतं.

दुसरं म्हणजे, माणसांत मिसळा हे सांगणं सोपं आहे. मी मिसळलेलीच होते, भरल्या घरात. पण आतल्या खोलीत कुणी हसलं की मला वाटायचं, माझ्यावर हसताहेत. मी आत गेले की बोलणं थांबतंय असंही वाटायचं. हळूहळू मी जेवायला उशिरा जायला लागले, मग ताट खोलीत मागवायला लागले. सुनेशी तर मी मनातल्या मनात वर्षभर भांडले, तिला पत्ताही नाही. शेवटी ज्यांनी मला तपासलं त्यांनी मनाचं औषध दिलंच, पण आधी कानांची तपासणी करायला लावली. दोन्ही कान बरेच गेले होते! मला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त हसणं ऐकू येत होतं. रिकाम्या जागा मी माझ्या भरत होते. आणि माणूस रिकाम्या जागा कशाने भरतो? जे मनात आधीच असेल त्याने.

कानात यंत्र बसल्यावर पहिल्या आठवड्यात कळलं की ते सगळे नळ गळतोय यावर हसत होते.

मधली_पिढी

आजी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

माझे बाबा ७६ वर्षांचे. सहा महिन्यांपासून पोट. आधी गॅस, मग जळजळ, मग ‘आत काहीतरी फिरतंय’. एंडोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं ठीक. प्रत्येक रिपोर्ट चांगला आला की ते जास्तच गप्प होतात. पहाटे चारला उठून अंधारात बसतात. पेपर वाचणं सोडलं. आवडीच्या मॅचेस बघत नाहीत. मी एकदा विचारलं, “बाबा, उदास वाटतंय का?” तर चिडले. “मला काय धाड भरलीय उदास व्हायला? पोट दुखतंय, ते बघा.” अलीकडे दोन-तीनदा म्हणाले, “आता उचललं तर बरं.” आमच्याकडे सगळेच म्हातारे असं म्हणतात, त्यामुळे त्याला किती महत्त्व द्यायचं कळत नाही. काकांच्या लेखातले विचार तरी ते बोलून दाखवतील तर ना. बाबा विचारांबद्दल बोलतच नाहीत.

दिवापाणी

मी वृद्धांच्या मानसोपचारात काम करतो. ऑनलाइन निदान करणार नाही, पण काही गोष्टी लिहितो.

मधली_पिढी ताई, आधी शेवटच्या वाक्याबद्दल, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. “उचललं तर बरं” हे बोलण्याची रीत म्हणूनही येतं आणि खऱ्या इच्छेतूनही येतं. बाहेरून फरक कळत नाही, विचारावंच लागतं. सरळ विचारा: “बाबा, जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही भीती निराधार आहे, यावर संशोधन झालेलं आहे आणि विचारल्याने धोका वाढत नाही. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या अहवालानुसार जगाच्या जवळपास सगळ्याच भागांत आत्महत्येचं प्रमाण सत्तरीच्या पुढे सर्वाधिक आहे, त्यामुळे ‘म्हातारी माणसं बोलतातच’ म्हणून सोडून देण्याची चैन आपल्याला परवडत नाही. उत्तर ‘हो’ आलं, किंवा त्यांनी अचानक कागदपत्रांची आवराआवर, वस्तू वाटून टाकणं, गोळ्या साठवणं, खाणं-पिणं बंद करणं असं काही सुरू केलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर तातडीच्या विभागात जा किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन करा. तोवर त्यांना एकटं ठेवू नका, घरातल्या गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा.

आता पोट. या वयात नैराश्य पुष्कळदा ‘उदास’ हा शब्द न वापरता येतं. दुखणं, थकवा, चिडचिड, झोप उडणं आणि आवडीच्या गोष्टी सुटणं या रूपात. ज्या पिढीला मनाचं दुखणं सांगायची सवय नाही तिच्यात तर हे फारच. पोट खोटं नसतं, दुखतंच. त्यामुळे “तुमच्या मनाचे खेळ आहेत” असं चुकूनही म्हणू नका. “झोप नीट नाही, त्याचं काहीतरी करू” या वाटेने बहुतेक वडील दवाखान्यात येतात.

वृद्धांसाठी नैराश्याची एक खास प्रश्नावली आहे, जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांची. मूळ ३० प्रश्नांची; १९८६ मध्ये १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती आली. उत्तरं फक्त हो किंवा नाही. गंमत अशी की तिच्यात झोप, भूक, वजन यांबद्दल एकही प्रश्न नाही, कारण म्हातारपणी ती इतर शंभर कारणांनी बिघडतात. त्याऐवजी विचारलंय: बऱ्याच गोष्टी करणं सोडून दिलंय का? आयुष्य रिकामं वाटतं का? बहुतेक लोक आपल्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहेत असं वाटतं का? म्हणजे काका, तीही एका अर्थी वाक्यंच तपासते. छोट्या प्रश्नावलीत पाचाच्या वर गुण गेले तर नीट तपासणी करावी असा संकेत. तेवढ्यावर निदान होत नाही.

तपासणीत आधी शरीर बघायचं: थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन, सोडियम, साखर आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी. स्टेरॉइडसारखी काही औषधं मनःस्थिती खाली ओढतात. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. पार्किन्सनमध्ये तर कंपाच्या आधीही ते दिसू शकतं.

रोखठोक, तुमच्या मुद्द्याबद्दल: मन खचणारच, हे गृहीतक आकडेवारीत टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन आणि इतरांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासांत दिसतं की सरासरी म्हातारी माणसं तरुणांपेक्षा कमी नकारात्मक भावना अनुभवतात. वेळ थोडा उरला की माणसं नकोशी नाती, नकोसे वाद सोडून देतात आणि जे आवडतं ते जवळ ठेवतात. तेव्हा एखादा ज्येष्ठ महिनोन्‌महिने खचलेला दिसला तर ते वयाच्या नियमाला धरून नाही, नियम मोडून आहे.

रोखठोक

बरं, एवढं मान्य. पण उपचारांनी खरंच फरक पडतो का, की तुमचा धंदा चालतो? (हलकेच घ्या.)

दिवापाणी

हलकेच घेतलं. २००२ मध्ये अमेरिकेत एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ६० वर्षांवरचे १८०१ रुग्ण, १८ दवाखाने. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना नेहमीच्या डॉक्टरांच्या जोडीला एक काळजीवाहक कर्मचारी, जो फोन करून विचारपूस करायचा, औषध लागू पडतंय का बघायचा, अडचणी सोडवायचं छोटं प्रशिक्षण द्यायचा. वर्षाने दुसऱ्या गटात १०० पैकी सुमारे ४५ जणांची लक्षणं निम्म्याने किंवा जास्त कमी झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात १९.

रोखठोक

म्हणजे ५५ जणांचं नाही झालं.

दिवापाणी

नाही झालं, निदान तेवढं नाही. त्यांना औषध बदलून, वेगळी थेरपी देऊन बघावं लागतं. फार तीव्र नैराश्यात, विशेषतः “माझी आतडी सडलीत”, “मी सगळ्यांना बुडवलंय” असे भ्रम असतील किंवा खाणं बंद झालं असेल तर विद्युत उपचार (लोक ज्याला ‘शॉक’ म्हणतात) म्हाताऱ्यांमध्ये चांगले लागू पडतात, भूल देऊन केले जातात. लोक नाव ऐकून घाबरतात, पण मी त्या उपचारांनी माणसं उठून बसलेली पाहिली आहेत. तरी सगळ्यांचं सगळं बरं होतं असं मी म्हणणार नाही.

दुसरी_पाळी

मला एक अडचणीचं लिहायचंय. टोपणनाव आहे म्हणून लिहिते.

सासूबाई ८३ च्या. दृष्टी जवळजवळ गेली, मैत्रिणी सगळ्या गेल्या. त्या म्हणतात, “मी तुझ्यावर ओझं आहे.” काका म्हणतात ‘म्हणून’च्या पलीकडचं तपासा. तपासलं. त्या ओझं आहेत. मी रात्री दोनदा उठते, तीन वर्षांत सलग झोपलेली नाही, नोकरी अर्धवेळ केली. मी त्यांना “छे, ओझं कसलं” म्हणते तेव्हा त्यांना माझा आवाज ऐकू येतो आणि तो खोटा आहे हे त्यांना कळतं. आंधळ्या माणसाला आवाजातलं फार कळतं. विचारांच्या चुका शोधण्याच्या या पद्धतीचं मला हेच खटकतं. आयुष्य खरंच कठीण असेल तर चूक कुठे शोधायची?

जुनी_गॅली

ताई, तुमच्या प्रतिसादावर दोन दिवस उत्तर सुचलं नाही. वही घेऊन बसलो.

माझ्याही वहीत ‘ओझं’ होतं. बाईंनी तेव्हा ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी विचारलं, “ओझं म्हणजे नक्की काय? कुणाला, कधी, किती वेळ?” मी चिडून म्हटलं, बायकोला आंघोळीच्या वेळी मला धरावं लागतं, तिची पाठ दुखते. त्या म्हणाल्या, “हे चांगलं वाक्य आहे.” मला कळेना चांगलं काय त्यात. मग न्हाणीघरात बसायचं स्टूल आणि भिंतीला धरायची दांडी आली, आणि ते वाक्य रद्द झालं. ‘मी ओझं आहे’ या वाक्याला दांडी बसवता येत नाही.

तुमच्या बाबतीत रात्री दोनदा उठणं ही दांडी बसवण्याजोगी जागा असेल का? कुणी आठवड्यातून दोन रात्री येऊ शकेल का? आणि मला वाटतं तुम्ही त्यांना खोटं सांगू नये. “आई, मी थकते. त्यावर आपण काय करू शकतो?” असं त्यांनाच विचारलं तर? त्यांना तुमच्या अडचणीत मत मागून बघा. मला तरी कित्येक महिने कुणी मत विचारलं नव्हतं, औषध घेतलं का एवढंच विचारायचे.

मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्यातल्या विचारांचं जे त्रिकूट सांगितलं आहे (मी वाईट, जग वाईट, पुढचंही वाईट), त्यात ‘परिस्थिती कठीण आहे’ हे वाक्य नाही, हे मला उशिरा लक्षात आलं. परिस्थिती कठीण असायला परवानगी आहे. (अवांतर: बेक स्वतः १०० वर्षं जगले, २०२१ मध्ये गेले.)

आणि हो, सगळे ‘म्हणून’ चुकीचे नसतात. ‘पाय थरथरतो म्हणून जिना एकट्याने उतरत नाही’ हा मी स्वतः तपासून पास केलाय. माझा अंदाज असा की ‘म्हणून’नंतर काय करायचं ते आलं तर बहुधा बरोबर असतं, आणि मी कोण आहे ते आलं तर लाल शाई काढावी.

दिवापाणी

काकांनी जे सांगितलं त्याला आमच्याकडे समस्या-निराकरण उपचार म्हणतात आणि वृद्धांमध्ये तो खास उपयोगी आहे. काही ज्येष्ठांमध्ये मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे योजना आखणं, सुरुवात करणं, एकातून दुसऱ्याकडे वळणं हीच यंत्रणा मंदावते. (१९९७ मध्ये जॉर्ज अलेक्सोपोलस आणि सहकाऱ्यांनी याला रक्तवाहिन्यांशी जोडलेलं नैराश्य म्हणून मांडलं.) या लोकांना गोळ्या कमी लागू पडतात. खिडकीपाशी आजींची न उचललेली सुई त्यातली होती की नाही सांगू शकत नाही, पण ‘आळशी झालाय’ असं ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्यातले बरेच या गटातले असतात. त्यांना “छंद जोपासा” हा सल्ला म्हणजे पायरी नसलेला जिना. “उद्या दहा वाजता लोकर टेबलावर ठेवायची, बस, विणायचं नाही” हा सल्ला चालतो.

दुसरी_पाळी ताई, तुमची झोप हा या धाग्यावरचा वैद्यकीय मुद्दा आहे. काळजी घेणाऱ्यांमध्येही नैराश्य भरपूर असतं. स्वतःचीही तपासणी करा.

व्याकरणवेडा

अवांतर, पण राहवत नाही. ‘म्हणून’ हे परिणामबोधक उभयान्वयी अव्यय. म्हणजे अलीकडे कारण, पलीकडे परिणाम असं नातं ते जाहीर करतं, सिद्ध करत नाही. ‘पाऊस पडला म्हणून रस्ता ओला झाला’ आणि ‘पाऊस पडला म्हणून माझं नशीब फुटकं’, दोन्ही व्याकरणदृष्ट्या शुद्ध!

माझ्या आईचं अव्यय मात्र ‘म्हणजे’ आहे. “विसरले म्हणजे संपलंच.” “दुपारी झोप लागली म्हणजे आता खाटेवरून उठत नाही मी.” ‘म्हणजे’मध्ये तर कारण-परिणामाचीही गरज नाही, थेट बरोबरीचं चिन्ह.

जुनी_गॅली

वा! ‘म्हणजे’ माझ्या नजरेतून सुटलं होतं. वही पुन्हा तपासतो.

पाणवठा

विसरण्यावरून आठवलं. माझ्या आत्याला स्मृतिभ्रंश झाला असं समजून आम्ही वर्षभर तसं वागलो. तिला काही विचारायचंच बंद केलं. नंतर ते नैराश्य निघालं, उपचारांनी डोकं बरंच परत आलं. हे कसं ओळखायचं?

दिवापाणी

घरी खात्रीने नाही ओळखता येत. ढोबळ फरक असा: नैराश्यात विसराळूपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढतो, माणूस स्वतः त्याची तक्रार करतो, प्रश्न विचारला की “मला नाही माहीत” म्हणून सोडून देतो. स्मृतिभ्रंश वर्षांच्या गतीने येतो, तक्रार बहुधा घरचे करतात, आणि माणूस चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने देतो किंवा झाकून नेतो. किलोह या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६१ मध्ये अशा भासमान स्मृतिभ्रंशावर लिहिलं होतं. पण आता कळतंय की रेघ इतकी स्वच्छ नाही. दोन्ही एकत्र असू शकतात, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी स्मृतिभ्रंशाची आगाऊ सूचना असतं. त्यामुळे नैराश्य बरं झाल्यावरही स्मरणशक्ती वर्षाकाठी तपासत राहायची.

खिडकीपाशी

मला मागच्या आठवणींबद्दल थोडं. घरातले म्हणतात, आई, जुनं उगाळत बसू नकोस. पण प्रत्येक मागे वळून बघणं म्हणजे उगाळणं नव्हे हो. माझ्या नातीने मला शोधून वाचून दाखवलं की १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने हेच लिहिलंय: म्हातारपणी आयुष्याची उजळणी करणं स्वाभाविक आहे, आजाराची खूण नाही.

मला दोन्हीतला फरक असा कळतो. उजळणी करताना गोष्ट पुढे सरकते. मी नवऱ्याशी झालेलं एक जुनं भांडण आठवत होते आणि पन्नास वर्षांनी पहिल्यांदा लक्षात आलं की त्या दिवशी तो तापाने फणफणला होता. उगाळताना मात्र तेच वाक्य, त्याच ठिकाणी, तोच शेवट. गाईने रवंथ केला तर निदान पचतं तरी. आपला रवंथ नुसताच फिरतो.

आणि पहाटेचं काय करता काका तुम्ही? मला सगळ्यांत काळे विचार साडेतीन-चारला यायचे.

जुनी_गॅली

पहाटेचा मजकूर छपाईला द्यायचा नाही, असा नियम केला. लिहून ठेवायचं, आणि नाश्त्यानंतर वाचायचं. निम्मा तेव्हाच कापला जायचा. (नैराश्यात पुष्कळदा सकाळ सगळ्यांत जड असते आणि दिवस चढेल तसं थोडं हलकं होतं, हे लक्षणच आहे असं कळल्यावर तर पहाटेचा धाकच कमी झाला.)

रोखठोक

गोळ्यांची सवय लागते ना पण? वडिलांसाठी विचारायचंय. हो, विचारायचंय. हसू नका कुणी.

दिवापाणी

कुणी हसत नाही. नैराश्यविरोधी गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण अचानक बंद करायच्या नाहीत, त्रास होतो. डॉक्टरांच्या देखरेखीत उतरत्या मात्रेने थांबवायच्या. ज्येष्ठांमध्ये सुरुवात कमी मात्रेने करतात आणि पूर्ण परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. “पंधरा दिवस घेतल्या, फरक नाही” म्हणून सोडून देणारे खूप. एक गोष्ट लक्षात ठेवा: या गोळ्यांच्या एका मोठ्या गटाने वृद्धांमध्ये रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्त. अचानक गोंधळल्यासारखं बोलणं, तोल जाणं, मळमळ असं दिसलं तर ‘वयामुळे’ न म्हणता रक्त तपासा. सवय लागते ती काही झोपेच्या गोळ्यांची. त्यांनी पडण्याचा धोकाही वाढतो. त्या मनाने सुरू करू नका.

दुसरी_पाळी

काकांनी सुचवल्याप्रमाणे विचारलं. “आई, मी थकते” एवढं म्हटलं आणि मलाच रडू आलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “मग रात्री खाटेजवळ भांडं ठेव की. मी कधीपासून म्हणणार होते, पण तुला किळस येईल असं वाटलं.” तीन वर्षं! आठवडाभर मी सलग पाच तास झोपतेय. “ओझं आहे” थांबलेलं नाही, काल परत म्हणाल्या. पण काल त्यांनी मला वाढदिवसाची तारीखही बरोबर सांगितली, मीच विसरले होते. त्यांना डॉक्टरांकडे न्यायची वेळ ठरवली आहे. माझीही.

मधली_पिढी

उशिरा लिहितेय. दिवापाणी सरांनी सांगितलं तसं सरळ विचारलं. बाबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “करून घ्यायचं नाही काही. पण सकाळी जाग आली की वाटतं, अरे, आलीच का परत.” त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, दोन दिवसांत नेलं, झोपेचं निमित्त करून. बी१२ बरंच कमी आलंय, ते सुरू केलं. पण तेवढंच कारण नसावं असं त्यांचं मत, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंय, एक भेट झाली. गोळी सुरू झाली, सोडियम पुढच्या आठवड्यात तपासायचंय. पोट अजून दुखतंय.

काकांचा गृहपाठ करून बघितला. बाबांना म्हटलं, कालच्या दिवसातली एक गोष्ट सांगा, वेळेसकट. म्हणाले, “काल काही झालं नाही. रोज तेच असतं.” मी सोडून दिलं. अर्ध्या तासाने स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, “काल संध्याकाळी सहाला तू दार जोरात आपटलंस.”

हे चालेल का काका?

जुनी_गॅली

चालेल. वार तेवढा विचारून घ्या.